शिशाचा नळ

१८४८ सालच्या ऑक्टोबरच्या २५ तारखेस अमेरिकेंतील बोस्टन शहरांत मोठा उत्सव झाला. शहराच्या मध्यावरील मैदानांत जें तळें आहे, त्याच्या भोंवतीं माणसांचा समुद्र लोटला होता. शाळेंतल्या मुलांनीं गीत गाइलें, भाषणें झालीं, आणि पाणी सोडावें काय, असें नगराध्यक्षानें विचारतांच हजारों कंठांतून होकार उमटला. तोटी उघडली. तळ्याच्या मध्यभागीं पाण्याचा स्तंभ उंच उसळला, घंटा वाजल्या, तोफा झाल्या. आजवर विहिरींच्या बेभरंवशाच्या पाण्यावर दिवस काढलेल्या त्या शहरांत मैलोगणती दूर असलेल्या कोचिट्यूएट सरोवराचें पाणी प्रथमच आलें होतें.

त्याच शरदांत, अटलांटिक महासागराच्या पलीकडे, इंग्लंडांतील सरे परगण्यांतल्या क्लेअरमाँट नांवाच्या वाड्यांत माणसें एकामागून एक आजारी पडत होतीं. फेब्रुवारींतल्या क्रांतीमुळें सिंहासन सोडून निघालेला फ्रान्सचा राजा लुई फिलिप आपल्या कुटुंबासह तेथें आश्रयास राहिला होता. पोटांत असह्य कळा, बद्धकोष्ठ, उतरलेले चेहरे, वाढती अशक्तता, अशीं लक्षणें होतीं. पण कारण उमगेना. डॉक्टर द म्युसी यांनीं अखेर रोग ओळखला. ती शिशाची बाधा होती. वाड्याला पाणी येत होतें तें एका निर्मळ झऱ्याचें; पण येत होतें शिशाच्या नळांतून. झरा निर्दोष होता, वाटेनें घात केला होता.

आणि बोस्टनच्या लोकांनीं आपल्या घरांत पाणी आणण्यासाठीं नळ निवडले तेहि शिशाचेच.

ते अविचारानें निवडले असें मात्र म्हणतां येणार नाहीं. रस्त्याखालचे थोरले नळ बिडाचे असावेत याविषयीं वाद नव्हता. रस्त्यापासून घरापर्यंतची शेवटची वीस-पंचवीस हातांची नळी कशाची असावी, हा प्रश्न होता. आणि तो बोस्टनच्या जलमंडळानें हार्वर्ड विद्यापीठांतील रसायनशास्त्राचे प्राध्यापक हॉर्सफर्ड यांच्यापुढें ठेवला. हॉर्सफर्ड यांनीं निरनिराळीं पाणीं आणि निरनिराळे धातु घेऊन प्रयोग केले. नव्या शिशाला पाणी प्रथम थोडेंफार खातें, परंतु लवकरच त्याच्या आंतल्या अंगाला एक पातळ पुट चढतें, व त्या पुटाच्या आड पाणी निर्धोक राहतें, असें त्यांचें अनुमान होतें. कोचिट्यूएटच्या पाण्याला शिसें चालेल, असा निर्वाळा मिळाला. या निर्वाळ्यांत रसायनशास्त्राची चूक थोडी होती आणि भंवसा फार होता. एका पुटावर एक शहर विसंबून राहिलें. आणि बोस्टन त्यांत एकटें नव्हतें.

शिसें घातक आहे हें तोंपर्यंत कोणास ठाऊकच नव्हतें, असें समजणें चुकीचें होईल. इसवी सनाच्या आरंभाच्या सुमारास ऑगस्टस बादशहाच्या काळीं व्हिट्रुव्हियस या रोमन वास्तुकारानें स्थापत्यावर दहा भागांचा ग्रंथ लिहिला. त्याचा आठवा भाग पाण्याचा आहे. त्यांत त्यानें शिशाचे नळ कसे करावेत तें बारकाईनें सांगितलें आहे. शिशाचा पत्रा ओतावा, तो वळवून त्याची नळी करावी, एकेक नळी दहा फुटांहून कमी लांब नसावी. आणि वळविण्यापूर्वीं पत्रा जितकीं बोटें रुंद असेल, त्या आंकड्यानें नळीचें नांव पडावें. शंभर बोटांच्या नळीचें वजन बाराशें रोमन पौंड भरावें, पांच बोटांच्या नळीचें साठ. एवढा तपशील दिल्यावर तोच ग्रंथकार पुढें सांगतो, कीं ज्याला आरोग्यकारक पाणी हवें असेल त्यानें हे नळ वापरूं नयेत, मातीचे वापरावेत. शिशापासून सफेता होतो आणि सफेता शरीराला अपाय करतो. पुरावा पाहिजे असेल तर शिसें ओतणाऱ्या कारागिरांच्या फिकट चेहऱ्यांकडे पाहावें, असें त्याचें म्हणणें आहे. मातीचा नळ स्वस्त पडतो, फुटला तर कोणालाहि दुरुस्त करतां येतो, आणि त्यांतल्या पाण्याची चवहि चांगली राहते. ज्यांच्या मेजावर रुप्याचीं भांडीं मांडलेलीं असतात तेसुद्धां चवीसाठीं मातीचींच भांडीं वापरतात, अशी कोपरखळीहि त्यानें मारून ठेवली आहे.

रोमनें हा सल्ला ऐकला नाहीं. इसवी सन ९७ मध्यें फ्राँटिनस हा त्या शहराचा जलाधिकारी झाला. पाणीपुरवठ्यावरचें त्याचें पुस्तक अजून उपलब्ध आहे. त्याच्या काळीं रोममध्यें नऊ कालव्यांचें पाणी येत होतें, आणि रस्त्यांच्या फरशीखालीं जागोजाग चोरून बसविलेल्या नळ्या होत्या. त्या उखडून काढल्या तेव्हां शिसेंच कितीतरी हातीं लागलें, असें तो लिहितो! बोटानें दाबतां येणारा, थोड्या आंचेवर वितळणारा, वळेल तिकडे वळणारा आणि शेकडों वर्षें न गंजणारा हा धातु चोराला आणि सावाला सारखाच सोयीचा होता. शिवाय रुप्याच्या खाणींतून रुपें काढतांना तो आपोआपच निघत असे. ‘प्लंबर’ हा शब्दहि शिशाच्या लॅटिन नांवावरूनच आलेला आहे. नळकामाचा सारा धंदाच त्या धातूच्या नांवानें ओळखला गेला.

मग रोमचे नागरिक विषबाधेनें मेले काय? कांहींनीं तर रोमन साम्राज्याच्या ऱ्हासाचें खापर शिशाच्या नळांवर फोडलें आहे. पण पुरावा तसें सांगत नाहीं. रोममध्यें येणारें बरेंचसें पाणी चुन्याच्या दगडांतून येणारें, जड होतें. त्याचा चुना नळाच्या आंत थरावर थर बसवी. वाहतें पाणी आणि धातु यांच्यामध्यें चुन्याची भिंत उभी राही. २०१४ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनांत, रोमच्या जुन्या बंदरांतील गाळ तपासून, नळांतल्या पाण्यांत झऱ्याच्या पाण्याच्या सुमारें शंभरपट शिसें असावें असा अंदाज काढण्यांत आला. परंतु तेवढ्यानें खरोखर इजा झाली असेल असें त्या संशोधकांनींहि मानलें नाहीं. व्हिट्रुव्हियस धातूविषयीं बरोबर होता. पाण्याचा स्वभाव मात्र त्यानें हिशेबांत धरला नव्हता.

त्यानें शिफारस केलेला मातीचा नळ महाराष्ट्राला परका नाहीं. मलिक अंबरानें १६१० मध्यें वसविलेल्या खडकी शहरांत, म्हणजे पुढच्या औरंगाबादेंत आणि आजच्या छत्रपति संभाजीनगरांत, सतराव्या शतकांत डोंगरांकडून नहरी आणल्या गेल्या. त्यांत चुनेगच्ची पाट आहेत, तसे खापरी नळहि आहेत. एका नळाचें निमुळतें तोंड दुसऱ्याच्या रुंद तोंडांत बसवायचें आणि सांधा चुन्यानें लिंपायचा, ही तऱ्हा व्हिट्रुव्हियसानें वर्णिलेल्या तऱ्हेहून फारशी निराळी नाहीं. तो चुना तेलांत मळावयास सांगतो, एवढेंच. मातीच्या नळाचा दोष एक, कीं त्याला दाब सोसत नाहीं. पाणी जितक्या उंचीवरून येईल तितकें तें नळाच्या अंगावर रेटा देतें. शंभर फुटांच्या उंचीचा रेटा दर चौरस इंचावर सुमारें ४३ पौंड भरतो. खापराचा नळ असा रेटा फार काळ सहन करीत नाहीं. म्हणून नहरीच्या वाटेवर मनोरे बांधलेले असत. पाणी मनोऱ्यांत चढे, माथ्यावर मोकळें होई, कोंडलेली हवा बाहेर पडे, आणि दाब मोडून तें पुढच्या नळांत उतरे. पाणचक्कीपाशीं असाच उंच मनोरा आजहि उभा आहे. पुण्यास नानासाहेब पेशव्यांनीं अठराव्या शतकाच्या मध्यास कात्रजहून जो पाट आणला त्याला वाटेंत उच्छ्वास ठेवले आहेत. हवेला वाट देणाऱ्या बांधकामाला पुणेकरांनीं दिलेलें हें नांव किती चपखल आहे! तेथें नळाचा प्रश्नच कमी होता. पाणी दगडी बांधकामांतून येई, हौदांत पडे, आणि लोक हौदावरून तें घरीं नेत. हंडा-कळशी डोक्यावरून वाहणाऱ्या बाईचे श्रम मात्र या सोयींत कोणीं मोजले नाहींत.

शिशाचा नळ पुढें आला तो या श्रमांच्या बदल्यांत. पाणी हौदावर न थांबतां घरांत, आणि तेंहि वरच्या मजल्यावर चढलें पाहिजे, अशी मागणी झाली तेव्हां दाब हवा झाला, आणि मातीची सद्दी संपली. लंडनमध्यें १६१३ मध्यें ‘न्यू रिव्हर’चें पाणी आलें तें एल्म वृक्षाच्या पोखरलेल्या ओंडक्यांतून शहरभर वांटलें जाई. तें लांकूड कुजे, सांध्यांतून पाणी गळे, आणि वाफेच्या यंत्रांचा जोर त्याला पेलेना. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं त्याच्या जागीं बिडाचे नळ आले. बीड जाड, जड आणि ठिसूळ. पण जमिनींत घातलें कीं पिढ्यानपिढ्या टिकतें. एका नळाचें तोंड दुसऱ्याच्या रुंद तोंडांत घालून फटींत ताग ठोकायचा आणि वर वितळलेलें शिसें ओतायचें, अशी त्याच्या सांध्याची रीत. येथेंहि शिसें आहेच, परंतु तें सांध्याच्या बाहेरच्या बाजूस. पाण्याशीं त्याची गांठ फारशी पडत नाहीं. मुंबईस हेन्री कॉनिबेअर यांच्या योजनेप्रमाणें विहार तलाव बांधून १८६० मध्यें शहरांत पाणी आलें तें ३२ इंची बिडाच्या नळानें. १८९२ मध्यें तानसाच्या पाण्यासाठीं ४८ इंची नळ घालण्यांत आले. बिडाच्या आंत गंजाच्या गांठी वाढतात, नळ अरुंद होत जातो, पाणी तांबूस येतें. गृहिणी कुरकुरते, धुतलेल्या धोतरावर डाग पडतात. परंतु गंज उघडपणें दिसतो, आणि माणूस पाणी टाकून देतो.

शिशाचें तसें नाहीं. कल्हई गेलेल्या पितळेच्या भांड्यांत ताक ठेवूं नये, हें महाराष्ट्रांतील गृहिणीला कोणीं शिकवावें लागत नाहीं. ताक कळकलें कीं जीभच सांगते. शिशाच्या नळांतलें पाणी मात्र कळकत नाहीं. त्याला रंग येत नाहीं, वास येत नाहीं, चवींतहि फरक पडत नाहीं. पिण्याच्या पाण्यांत शिशाची जी मर्यादा भारतीय मानकानें घालून दिली आहे ती एका लिटरास एका मिलिग्रॅमचा शंभरावा भाग एवढीच आहे. आणि मोठ्या माणसाला जें भोंवत नाहीं तें लहान मुलाच्या वाढत्या मेंदूला भोंवतें. ही बाधा क्लेअरमाँटसारखी एकाएकीं अंथरुणाला खिळवणारी नसते. मूल अभ्यासांत मागें पडतें, चिडखोर होतें, आणि त्याचें कारण स्वयंपाकघरांतल्या तोटींत शोधावें असें कोणाच्या मनांतहि येत नाहीं.

या धातूचा उलटा न्याय असा, कीं पाणी जितकें मऊ आणि निर्मळ तितकें तें शिशाला अधिक खातें. जड पाणी पुट चढवितें. डोंगराळ प्रदेशांतलें, चुना नसलेलें, किंचित् आम्ल पाणी पुट चढूं देत नाहीं. ग्लासगो शहराचें उदाहरण बोलकें आहे. १८५९ मध्यें व्हिक्टोरिया राणीच्या हस्तें लॉक कॅट्रिन या सरोवराचें पाणी त्या शहराला देण्यांत आलें. तें पाणी इतकें मऊ, कीं साबणाला चटकन फेंस यावा; ग्लासगोच्या लोकांना त्याचा अभिमान वाटे. घराघरांतले नळ शिशाचे होते, कांहीं घरांत पाणी सांठविण्याच्या टाक्याहि शिशाच्या होत्या. शंभराहून अधिक वर्षें लोटल्यावर, १९७० नंतर, संशोधकांनीं तेथल्या लोकांच्या रक्तांतलें शिसें मोजूं लागल्यावर त्या अभिमानाची किंमत कळली. १९७८ पासून पाण्यांत चुना घालून त्याची आम्लता मारण्यास सुरुवात झाली, आणि १९८९ पासून फॉस्फेटहि घालण्यांत येऊं लागलें, कारण फॉस्फेटानें शिशावर न विरघळणारें पुट बसतें. हॉर्सफर्ड यांनीं जें आपोआप चढेल म्हणून सांगितलें होतें तें असें हातानें चढवावें लागलें.

एवढें कळूनहि शिशाचे नळ घालणें थांबलें नव्हतें. अमेरिकेंत १९२८ मध्यें शिशाच्या उद्योगांचा संघ स्थापन झाला आणि त्यानें पुढें कित्येक वर्षें नगरपालिकांपाशीं व नळकाम करणाऱ्यांपाशीं या नळांचा पुरस्कार चालविला. शिकागो शहराच्या नियमांत तर घराची नळी शिशाचीच असावी अशी सक्ती होती, आणि ती १९८६ मध्यें देशभर बंदी येईपर्यंत टिकली! त्या शहरांत जमिनीखालीं शिशाच्या सुमारें चार लाख नळ्या राहून गेल्या. बंदी नव्या नळांना होती. जुने उकरून काढण्याचा खर्च कोणीं करावा, रस्ता नगरपालिकेचा आणि अंगण मालकाचें, हा वाद बंदीनें मिटला नाहीं.

फ्लिंट येथें तोच वाद मुलांच्या अंगावर उलटला. मिशिगन राज्यांतील हें सुमारें एक लाख वस्तीचें गांव मोटारींच्या कारखान्यांवर वाढलें आणि ते गेल्यावर खालावलें. त्याचा कारभार राज्यानें नेमलेल्या अधिकाऱ्याच्या हातीं होता, आणि काटकसर हें त्याचें मुख्य काम होतें. १९६७ पासून गांवाला डेट्रॉइटहून ह्यूरन सरोवराचें पाणी येत असे व त्यांत फॉस्फेट घातलेलें असे. २५ एप्रिल १९१४ नव्हे, १०० वर्षांनंतरच्या २५ एप्रिल २०१४ या दिवशीं, म्हणजे शिशाचे धोके पुरते ठाऊक असतांना, तें बंद करून फ्लिंट नदीचें पाणी सुरू करण्यांत आलें. नदीचें पाणी धातूला अधिक खाणारें होतें. त्यांत फॉस्फेट घालण्यांत आलें नाहीं. अनेक वर्षें बसलेलें पुट सुटूं लागलें. प्रथम पाणी रंगीत आलें, वास येऊं लागला, लोकांनीं बाटल्या भरून सभांना आणल्या. पाणी ठीक आहे, असें उत्तर मिळत राहिलें. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत गांवांतल्या एंजिनांच्या कारखान्यानें, भाग गंजतात म्हणून, नदीचें पाणी घेणें बंद केलें आणि सरोवराचें पाणी पुन्हां मिळविलें. लोखंडाची तक्रार सहा महिन्यांत ऐकली गेली. मुलांच्या बाबतींत तसें झालें नाहीं. २०१५ च्या सप्टेंबरांत बालरोगतज्ज्ञ डॉ. मोना हॅना-अटिशा यांनीं रुग्णालयांतल्या नोंदी मांडून दाखविलें, कीं पांच वर्षांखालच्या मुलांत रक्तांत शिसें वाढलेल्यांचें प्रमाण जवळजवळ दुपटीवर गेलें आहे. आरंभीं अधिकाऱ्यांनीं त्यांचेच आंकडे चुकीचे ठरविले. १६ ऑक्टोबर रोजीं गांवाला जुनें पाणी परत मिळालें; पण सुटलेलें पुट एका दिवसांत परत बसत नाहीं. त्यानंतर रस्ते खणून नळ्या बदलण्याचें काम वर्षानुवर्षें चाललें.

फ्लिंटचे नळ २०१४ मध्यें बदलले नव्हते, बदललें होतें पाणी. नळ कशाचा असावा हें ठरवितांना, त्यांतून पुढें कोणतें पाणी वाहील हा प्रश्न मागें राहतो, आणि नळ तर शंभर वर्षें जमिनींत राहणार असतो.

भारतांतील बहुतेक घरांत ही नळी पुढें जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाची आली. मुलामा गेला कीं ती गंजते, गळते, आणि दर पिढीला भिंत फोडावी लागते. या त्रासाला कंटाळून लोकांनीं प्लास्टिकचा नळ पत्करला. तो हलका, स्वस्त, न गंजणारा. करवतीनें कापावा आणि चिकटवावा. परंतु पी. व्ही. सी. या प्लास्टिकला नळाचा आकार देतांना तापवावें लागतें, आणि तापल्यावर तें बिघडूं नये म्हणून त्यांत शिशाचे क्षार मिसळण्याची रीत पडली. पाहुणा पुढच्या दारानें गेला आणि मागच्या दारानें आला. नव्या नळाच्या आंतल्या अंगावरचे हे क्षार पहिल्या कांहीं दिवसांत पाण्यांत अधिक उतरतात. राष्ट्रीय हरित लवादानें २०१७ मध्यें या बाबतींत केंद्र सरकारला नियम करण्यास सांगितलें, आणि पी. व्ही. सी. नळांतील शिशासंबंधीचे नियम २०२१ मध्यें निघाले. त्यांच्यापूर्वीं भिंतींत चिणलेले नळ जेथल्या तेथेंच आहेत.